बल्ब सारखे उडतात? नवा आणण्याआधी दोष शोधा

घरात बल्ब सारखे उडायला लागले की पहिला राग कंपनीवर निघतो. मग दुसऱ्या कंपनीचा आणला जातो, तोही चार महिन्यांत जातो, आणि ‘हल्ली मालच तसला येतो’ म्हणून विषय संपतो. माल हलका असतो हे काही वेळा खरंही असतं. पण एकाच होल्डरमध्ये लागोपाठ तीन बल्ब गेले, तर दोष होल्डरात, वायरिंगमध्ये किंवा बाहेरून येणाऱ्या व्होल्टेजमध्ये असण्याची शक्यता जास्त. दुरुस्तीला वायरमन लागेल. दोष साधारण कुठे आहे, हे मात्र तुम्ही घरबसल्या शोधू शकता.

आधी एक हिशेब करून पाहा. आजच्या टू-बीएचकेमध्ये बल्ब, पट्ट्या, पीओपीतले गोल दिवे असे वीसेक दिवे सहज निघतात. प्रत्येक दिवा सरासरी पाच वर्षं टिकला, तरी वर्षाला चार जाणार. म्हणजे दर तीन महिन्यांनी एक. हे ‘सारखे उडणं’ नाही, हा नेहमीचा खर्च आहे. खोक्यावर 25,000 तास छापलेलं असतं, रोज पाच तासांच्या हिशेबाने ते तेरा वर्षांहून जास्त होतात, म्हणून आपल्याला फसवल्यासारखं वाटतं. तो आकडा आतल्या एलईडीचा उजेड किती तासांनी कमी होईल याचा असतो, आणि तोही प्रयोगशाळेतल्या थंड हवेत. त्या एलईडीला वीज पुरवणारं छोटं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, त्याच्या कितीतरी आधी मरतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे नोंद. नवा बल्ब लावताना त्याच्या मानेवर मार्करने तारीख आणि खोली लिहा. जुने दुकानदार गॅरंटीसाठी पेनाने तारीख घालून देतात, तीच पद्धत. दोन-तीन बल्ब गेले की त्या तारखाच बोलायला लागतात.

एकाच जागेचा बल्ब जातो आणि बाकी घर ठीक असेल, तर होल्डर, स्विच किंवा दिव्याचं बंद कव्हर तपासायचं. एका खोलीतले किंवा एकाच एमसीबीवरचे (मेन बोर्डातलं त्या लाईनचं आपोआप पडणारं बटण) जात असतील, तर त्या लाईनवरचा एखादा जोड ढिला आहे. घरभर कुठलाही, कधीही जात असेल, तर व्होल्टेज मोजायचं. आणि एकाच संध्याकाळी दोन-तीन बल्ब, मोबाईलचा चार्जर आणि सेट-टॉप बॉक्स असं सगळं एकदम गेलं, तर हा लेख पुढे वाचत बसू नका. मेन स्विच बंद करा आणि मग न्यूट्रलबद्दलचा, म्हणजे विजेच्या परतीच्या वायरबद्दलचा, भाग वाचा.

शंका असेल तर अदलाबदल करून पाहा. जिथला बल्ब उडतो तिथे दुसऱ्या खोलीतला चालता बल्ब लावा आणि नवा बल्ब त्या दुसऱ्या खोलीत. पुन्हा पहिल्याच जागेचा गेला तर जागा दोषी, नवाच गेला तर बल्ब दोषी. वेळ लागतो, पण खर्च शून्य.

गेलेला बल्ब उघडून बघा

कचऱ्यात टाकण्याआधी गेलेला एलईडी बल्ब एकदा उघडाच (गॅरंटीत बदलून घ्यायचा असेल तर मात्र नको). होल्डरमधून काढून पाच-दहा मिनिटं तसाच ठेवा, कारण आतला कपॅसिटर काही वेळ चार्ज धरून असतो. प्लॅस्टिकचा पांढरा घुमट बहुतेक बल्बांत नुसता दाबून बसवलेला असतो. कडेला पातळ स्क्रूड्रायव्हर घालून हळूच उचकटला की निघतो. (सीएफएलवर हा प्रयोग करायचा नाही, त्यात पारा असतो. काचेचे जुने बल्ब तर उघडण्याचा प्रश्नच नाही.)

आत पांढऱ्या गोल चकतीवर पिवळे चौकोनी ठिपके ओळीने दिसतील, त्या एलईडी. उजेडात धरून एकेक बारकाईने पाहा. बहुतेक वेळा एखाद्याच्या मध्यावर तिळाएवढा काळा डाग असतो. ती एलईडी जळालेली असते, आणि सगळ्या एकामागून एक सिरीजमध्ये जोडलेल्या असल्यामुळे एक गेली की अख्खा बल्ब बंद. असा डाग पडतो तो उष्णतेने किंवा क्षमतेपेक्षा जास्त करंट गेल्याने. एकच डाग असेल आणि बल्ब वर्ष-दीड वर्ष चाललेला असेल, तर तो त्याच्या आयुष्याने गेला म्हणायला हरकत नाही. महिनाभरात गेलेल्या बल्बात असे तीन-चार डाग असतील, तर संशय उष्णता आणि व्होल्टेज दोघांवर घ्यायचा.

चकती उचलली की खाली ड्रायव्हर दिसतो. त्यात छोट्या नळकांडीसारखा कपॅसिटर असतो. त्याचा माथा सपाट असायला हवा. फुगलेला किंवा फुटून चिकट झालेला असेल, तर बल्ब आतून तापत होता किंवा वरून व्होल्टेज जास्त येत होतं. वायर आत येते तिथला छोटा रेझिस्टर काळा पडून फुटलेला असेल, तर अचानक मोठा झटका आला होता: वीज पडली असेल, लाईट जाऊन आली असेल, किंवा न्यूट्रलचा घोळ. आणि आत काहीच जळालेलं नसेल, पण बुडाच्या दोन टोकांवर काळे खड्डे पडले असतील, तर बल्ब निर्दोष आहे, होल्डरने त्याला मारलं.

स्वस्त बल्बांत वेगळा ड्रायव्हर नसतोच. सगळे भाग त्या चकतीवरच एलईडीच्या शेजारी बसवलेले असतात. एलईडीची उष्णता थेट त्यांना लागते आणि झटका झेलायला आत फारसं काही नसतं. असा बल्ब पुन्हा त्याच जागी लावायचा की नाही, हे उघडून पाहिल्यावर तुम्हीच ठरवाल.

होल्डर आणि स्विच

होल्डरला हात लावण्याआधी स्विच बंद करणं पुरेसं नाही. अनेक जुन्या घरांत स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला असतो. म्हणजे बटण बंद, बल्ब बंद, पण होल्डरात फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, जिवंत. म्हणून त्या लाईनचा एमसीबी पाडा. नक्की कोणता ते माहीत नसेल तर मेनच बंद करा. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये घालून पेटतो हे पाहून घ्या आणि मगच होल्डरमध्ये लावा. पायात कोरडी रबरी चप्पल, खाली लाकडी किंवा प्लॅस्टिकचं स्टूल. लोखंडी शिडी नको.

आपल्याकडचा नेहमीचा होल्डर दोन पिनांचा. आत स्प्रिंगवर बसलेल्या दोन पितळी पिना बल्बाच्या बुडावरच्या टोकांना दाबून धरतात. पूर्वी त्याच होल्डरमध्ये 60 किंवा 100 वॉटचा बल्ब वर्षानुवर्षं तापत होता. त्या उष्णतेने स्प्रिंगचा ताण गेलेला असतो, पिना आत बसलेल्या असतात. मग बल्ब लागतो, पण टेकतो न टेकतो. मध्ये बारीक ठिणगी उडत राहते, कार्बन धरतो, आणि दर सेकंदाला अनेकदा तुटणारी-जुळणारी वीज ड्रायव्हरला खाते. भिंतीवरच्या तिरक्या होल्डरात हे जास्त होतं, कारण लांब आणि जड एलईडी बल्ब स्वतःच्या वजनाने एका बाजूला कलतो.

लक्षणं सोपी आहेत. जवळ उभं राहिलं की बारीक कर्रकर्र आवाज येतो. जोरात दार आपटलं की दिवा लुकलुकतो. एमसीबी पाडून बल्ब काढल्यावर दोन पिना बोटाने दाबून पाहा. दोन्ही सारख्या ताणाने वर यायला हव्यात. एखादी अडकत असेल, काळी पडली असेल किंवा बाजूचं बेकेलाईट तडकलं असेल, तर होल्डर बदला. घासून पुसून चालवायची ही वस्तू नाही, नवा काही रुपड्यांत येतो. बसवताना वायरचं तोंड पिळून दुमडून स्क्रूखाली घट्ट धरा. एक-दोन तारा बाहेर राहिल्या तर उद्या तिथेच शॉर्ट.

आट्यांचा होल्डर असेल तर मधली पितळी जीभ खाली बसलेली असते. वीज पूर्ण बंद करून ती किंचित वर उचलली की बऱ्याचदा काम होतं. त्याच वेळी फेजची वायर मधल्या जिभेला आहे ना, तेही वायरमनकडून पाहून घ्या. बाहेरच्या आट्यांना फेज असेल तर बल्ब बदलताना बोट लागू शकतं.

होल्डर चांगला निघाला तर स्विच. बटण दाबताना कडकड आवाज, बोर्ड कोमट लागणं किंवा जळका वास, यातलं काहीही असलं तर स्विच बदलायचा. तोही ठीक असेल तर संशय जंक्शन बॉक्सवर, जिथे वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळलेली असते. पीओपी केल्यावर असे जोड छतात गाडले जातात आणि मग वर्षानुवर्षं कोणालाच दिसत नाहीत. हे काम परवानाधारक वायरमनचं.

बंद कव्हर आणि मे महिना

जुना बल्ब पेटला की भट्टीसारखा तापायचा आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. एलईडीचं तसं नाही. 9 वॉटच्या एलईडी बल्बात निम्म्याहून जास्त वीज उष्णतेतच जाते, आणि ती मानेतून बाहेर पडली नाही तर कपॅसिटर शिजतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबद्दल ढोबळ नियम असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. काचेच्या बंद गोळ्यात, बाथरूमच्या रबर लावलेल्या कव्हरात किंवा झुंबराच्या घट्ट वाटीत हवा हलत नाही, त्यामुळे खोलीपेक्षा आत 20-30 अंश जास्त भरणं काही विशेष नाही. त्यातून घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, स्लॅब दिवसभर तापलेला, गाव नागपूर किंवा चंद्रपूर आणि महिना मे असेल, तर खोक्यावरचे तास विसरा.

उपाय दोन. बंद कव्हरात 12 वॉटचा बल्ब लावायचा सोडून 5 किंवा 7 वॉटचा लावा. उजेड कमी पडला तर दुसरा दिवा वाढवा, पण त्याच कव्हरात मोठा बल्ब कोंबू नका. किंवा एलईडीसाठीच बनवलेला, ॲल्युमिनियमच्या पाठीचा आणि वेगळ्या ड्रायव्हरचा दिवा बसवा. पीओपीतल्या गोल दिव्यांत दिवा सहसा नीट असतो, त्याचा वेगळा ड्रायव्हर गेलेला असतो. तो वर पीओपीवर पडलेला असतो, त्यावर थर्मोकोल किंवा जुनी वायरींची गुंडाळी आली तर तो तापून मरतो. अख्खा दिवा फेकण्याआधी त्याच करंटचा नुसता ड्रायव्हर मिळतो का ते विचारा.

व्होल्टेज मोजा, तेही रात्री

घरभर बल्ब जात असतील तर एक साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या. टेस्टरने हे काम होत नाही, कारण टेस्टर पेटला म्हणजे फेज आहे एवढंच कळतं, तिथे 150 व्होल्ट आहेत की 280 हे कळत नाही. मीटर वापरता येत नसेल तर सॉकेटमध्ये बसणारा, आकडा दाखवणारा व्होल्टमीटर प्लगही मिळतो आणि तो जास्त सुरक्षित.

मल्टीमीटर वापरत असाल तर लाल वायर व्होल्ट लिहिलेल्या भोकात आहे ना, हे दोनदा पाहा. 10 अँपिअर लिहिलेल्या भोकात राहिली आणि तुम्ही सॉकेटला टोकं लावलीत तर सरळ शॉर्ट होतं. डायल एसी व्होल्टच्या सगळ्यात मोठ्या रेंजवर, 600 किंवा 750 वर. सॉकेटकडे तोंड करून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थिंग, उजवं फेज, डावं न्यूट्रल. फेज आणि न्यूट्रलमध्ये मोजा.

आपल्याकडचा ठरलेला आकडा 230. त्याच्या 6 टक्के खाली-वर, म्हणजे साधारण 216 ते 244, हे ठीक. एकदाच मोजून उपयोग नाही. संध्याकाळी आठला, रात्री एक-दोनला आणि पहाटे असं तीन-चार दिवस लिहून ठेवा. संध्याकाळी सगळ्यांचे गीझर, एसी, पंप चालू असतात तेव्हा आकडा खाली जातो, मध्यरात्री लोड उतरला की वर चढतो. डीपीजवळच्या, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरजवळच्या, घरांना हे जास्त जाणवतं, कारण लाईनच्या शेवटच्या घरापर्यंत पुरेसं पोचावं म्हणून ट्रान्सफॉर्मरचं टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) कधीकधी वरचं ठेवलेलं असतं. म्हणून रात्रभर चालू राहणारा ओट्यावरचा किंवा जिन्याचा दिवा आधी जातो आणि लोकांना वाटतं तो जास्त तास चालतो म्हणून गेला. रोज रात्री 250-260 दिसत असतील तर कारण सापडलं.

देवघरात किंवा गोठ्यात अजून तारेचा जुना बल्ब असेल तर त्याला याचा फटका फार बसतो. नुसतं 5 टक्के जास्त व्होल्टेज सतत मिळालं तरी त्याचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

न्यूट्रल

बल्ब उडण्याच्या कारणांत हे कारण घर पेटवू शकतं, म्हणून यावर थोडं थांबतो.

इमारतीत किंवा गल्लीत वीज तीन फेजवर येते, कुणाचं घर एका फेजवर, कुणाचं दुसऱ्या. परतीची वाट, म्हणजे न्यूट्रल, सगळ्यांना एकच. पोलवरचा किंवा मीटररूममधला हा सामाईक न्यूट्रल ढिला झाला, गंजला किंवा तुटला की दोन फेजवरची घरं एकमेकांशी सिरीजमध्ये जोडल्यासारखी होतात. दोन फेजमधलं व्होल्टेज 400. ते दोन घरांत वाटलं जातं, पण सारखं नाही. ज्याच्याकडे गीझर, इस्त्री चालू आहे त्याला कमी मिळतं, आणि ज्याच्याकडे नुसते दोन दिवे आणि टीव्ही चालू आहे त्याला 300 च्या वर. म्हणजे वीज कमी वापरणाऱ्याचंच सामान आधी जळतं.

ओळखायचं कसं? काही दिवे नेहमीपेक्षा लखलखीत आणि त्याच वेळी शेजाऱ्याकडचा पंखा मंद. घरात थ्री फेज मीटर असेल तर एक प्रयोग करा: गीझर किंवा इस्त्री लावा आणि सगळ्या खोल्यांतल्या दिव्यांकडे पाहा. उजेड किंचित कमी झाला तर ते नेहमीचं. पण एखाद्या खोलीतला दिवा उलट *वाढला*, तर न्यूट्रल ढिला आहे. वायरमन मंडळींची खूण आणखी सोपी: एखादं उपकरण चालू असताना सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटत असेल तर न्यूट्रल तुटलेला आहे. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मोजून पाहा. एक-दोन व्होल्ट चालतात. गीझर लावताच तो आकडा 10 च्या पुढे उडी मारत असेल तर न्यूट्रलचा एखादा जोड नीट बसलेला नाही.

आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावरचे लोक दोन महिने बल्ब बदलत होते. प्रत्येकाने आपापला ब्रँड बदलून पाहिला, एकाने तर होल्डरही. शेवटी फ्रीज गेला तेव्हा मीटररूम उघडली. न्यूट्रलच्या पट्टीवरचा एक बोल्ट हाताने फिरत होता आणि खालचं इन्सुलेशन तपकिरी होऊन वितळलं होतं. स्पॅनरचे चार आटे, एवढंच काम.

अशी लक्षणं दिसली तर मेन बंद करा आणि शेजाऱ्यांनाही सांगा. मीटरच्या अलीकडचं, म्हणजे पोल, सर्व्हिस वायर, जंपर आणि मीटरपर्यंतचं सगळं वीजपुरवठा करणाऱ्या कंपनीचं काम. मीटरच्या पुढचं तुमचं किंवा सोसायटीचं. तक्रारीसाठी 1912 लावा किंवा बिलावर छापलेला नंबर. ‘बल्ब उडतात’ एवढंच सांगितलंत तर कोणी धावत येणार नाही. ‘रात्री एक वाजता 262 व्होल्ट, न्यूट्रल ढिला असल्याचा संशय, शेजारच्या दोन घरांतही तेच’ असं सांगा, तक्रार क्रमांक घ्या आणि मोजलेले आकडे हाताशी ठेवा. पोलवर स्वतः किंवा ‘आपल्या ओळखीच्या’ माणसाला चढवू नका.

वारंवार होत असेल तर मेन बोर्डात व्होल्टेज जास्त-कमी झाल्यावर घराची वीज आपोआप तोडणारं आणि ठीक झाल्यावर पुन्हा जोडणारं यंत्र बसवून घ्या. एमसीबी आणि आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारं बटण) जास्त व्होल्टेजपासून वाचवत नाहीत, हे बहुतेकांना माहीत नसतं.

बाकीची किरकोळ कारणं

पंख्याच्या रेग्युलेटरसारखा जुना डिमर बोर्डात असेल आणि त्यावर साधा एलईडी लावला असेल, तर तो लुकलुकतो आणि लवकर जातो. डिमर काढून साधा स्विच लावा. जुना, साइन वेव्ह नसलेला इन्व्हर्टर असेल तर त्यावर गुणगुणणारा बल्ब बदलून दुसऱ्या प्रकारचा लावून पाहा. लाईट गेली की बटणं बंद करा आणि परत आल्यावर एक-दोन मिनिटांनी लावा, कारण येतानाचा पहिला झटका वाईट असतो. वळवाच्या विजा कडाडत असतील तर मेन बंद ठेवलेला बरा.

कोकणात आणि गोव्यात खारी हवा पितळाला हिरवा थर आणते, त्यामुळे व्हरांड्यातला होल्डर दर पावसाळ्यानंतर पाहावा. बाहेरच्या दिव्याकडे येणाऱ्या वायरला दिव्याच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून गळून जातं, होल्डरात उतरत नाही. पाल आणि मुंग्या तर होल्डरलाच घर समजतात.

स्विच बंद केल्यावरही बल्ब मिणमिणतो, ही तक्रार वेगळी. स्विच न्यूट्रलवर आहे किंवा त्यात छोटा इंडिकेटर दिवा आहे. बल्बाचं यात फारसं बिघडत नाही, पण स्विच न्यूट्रलवर असेल तर ते दुरुस्त करून घ्याच. कारण वर सांगितलंय.

नवा घेताना

कारण सापडून दुरुस्ती झाली की मगच चांगला बल्ब घ्या. खोक्यावर आयएस 16102 आणि बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. व्होल्टेजची रेंज वाचा: 220-240 छापलेल्यापेक्षा 100-300 छापलेला आपल्या परिस्थितीला बरा. सर्ज प्रोटेक्शनचा, म्हणजे केवढा झटका झेलेल याचा, आकडा, 2.5 किंवा 4 केव्ही, दिलेला असेल तर उत्तम. हातात घेऊन वजन पाहा, आतमध्ये ॲल्युमिनियम आणि ड्रायव्हर असेल तर ते हाताला कळतं. 2015 मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतल्या बल्बांवर तीन वर्षांची बदली गॅरंटी होती. बाजारातल्या बल्बांवर ती साधारण एक किंवा दोन वर्षांची असते आणि बहुतेक लोक ती मागतच नाहीत. बिलाचा फोटो काढून ठेवा, मानेवर तारीख घाला, आणि गॅरंटीच्या आत गेला तर घुमट न उचकटता तसाच दुकानात न्या. उघडलेला बल्ब कोणी बदलून देत नाही.